पेटीसाठी घासलेला जबडा

मी एक जुनी कवटी आहे. दचकू नका मित्रांनो, मी कोणाचीही नाही. मी कधी जिवंत नव्हते, त्यामुळे मेलेही नाही. मी प्लास्टिकची आहे आणि गेली एकोणीस वर्षे महाडच्या एका माध्यमिक शाळेच्या प्रयोगशाळेत राहते.

माझा जन्म उत्तरेकडच्या एका कारखान्यात साच्यातून झाला. तिथल्या बायकांनी मला दात बसवले, खालचा जबडा दोन स्प्रिंगांनी जोडला आणि जबड्याच्या डाव्या अंगाला लांबट खिडकी कापून तिच्यात एक पिवळी तार घातली. ही तार म्हणजे मज्जातंतू. खऱ्या माणसात तो जबड्याच्या हाडाच्या आतून जातो आणि हनुवटीजवळच्या छिद्रातून बाहेर येतो. खालच्या ओठाला गरम, गार, ओले कळते ते त्याच्यामुळे. माझ्या तारेला काहीच कळत नव्हते, पण ती दिसायला सुबक होती आणि मला तिचा अभिमान होता.

शाळेत माझे दिवस चांगले गेले. नववीची मुले माझ्यावरून हाडे शिकली. कोणी मला टिकली लावली, कोणी माझ्या दातांत खडू धरला. स्नेहसंमेलनात तीन वर्षे मी भूत झाले आणि टाळ्या घेतल्या. विज्ञान शिकवणारे धम्मपाल सर मला दोन्ही हातांनी उचलत. एवढा मान शाळेत ग्लोबलाही नव्हता.

एक तास मात्र मी विसरलेले नाही. विनोद नावाच्या मुलाने मला उचलले आणि पहिल्या बाकावरच्या साक्षीच्या गालाला लावून म्हटले, "सर, ही बघा साक्षीची बहीण. जबडा सेम हाय." वर्ग खो खो हसला. साक्षी तुडीलहून एसटीने येणारी, अबोल मुलगी. तिचा जबडा खरोखरच रुंद होता, कानाखाली चांगला कोपरा असलेला. तीही हसली. पण मी तिच्या गालाला टेकले होते मित्रांनो, आणि तिने दातांवर दात किती घट्ट आवळले ते मला तिथून दिसत होते.

पुढे दोन हजार एकवीसचा पूर आला. पाणी प्रयोगशाळेच्या दारावरून गेले आणि मी गाळात रुतले. पाणी ओसरल्यावर बाहेरगावाहून मदतीला आलेल्या माणसांच्या फावड्याला लागले ते माझे कपाळ. एकच पळापळ झाली. पोलीस आले, नाकाला रुमाल लावून उभे राहिले. कोणाचे प्रेत म्हणून पंचनामा सुरू होणार, एवढ्यात शाळेचे शिपाई सोनबा चिखल तुडवत आले आणि म्हणाले, "सायब, आमची हाय ती. नववीला असते." लोक हसले आणि मला पाइपाखाली धुतले. पुराने इतक्या घरांत रडारड झाली होती की थोडे हसू माझ्या निमित्ताने झाले, याचे मला वाईट वाटले नाही.

माझी लाकडी पेटी वाहून गेली होती. मदतीत आलेल्या सामानातून सोनबांनी माझ्यासाठी एक पत्र्याची पेटी शोधली. ती दोन बोटे अरुंद निघाली. सोनबा कशेडीजवळच्या वाडीवरचे, हाताने कसबी. पडलेले दार, गळणारा नळ, मोडके बाक, सगळे त्यांच्याच हातून सुधारायचे. त्यांनी माझे माप घेतले, कानस आणली आणि माझ्या जबड्याचे दोन्ही कोपरे घासून टाकले. डाव्या बाजूला स्प्रिंगचा आकडा होता, तो गेला. पिवळी तार मध्ये आली, तीही गेली. मी पेटीत अगदी फिट्ट बसले. मुख्याध्यापकांनी सोनबांचे कौतुक केले. तेव्हापासून माझे तोंड डावीकडे लोंबते आणि मिटत नाही.

दोन वर्षांपूर्वी साक्षी शाळेत परत आली, प्रयोगशाळा सहायक म्हणून. ती मला दर शनिवारी ओल्या फडक्याने पुसते. वाऱ्यापावसातही तिचे केस दोन्ही गालांवर पुढे घेतलेले असत. मुले नसली की ती मोबाइलमध्ये स्वतःचा फोटो उघडी आणि एका बोटाने त्यातला जबडा आत ढकली. हे ती रोज करी. काचेच्या कपाटात, झाकण उघड्या पेटीतून मी पाहत असे. मला पापण्या नाहीत.

दिवाळीच्या सुटीनंतर एका दुपारी तिने धम्मपाल सरांपुढे रजेचा अर्ज ठेवला.

"महिनाभराची? काय झालं गं?"

"ऑपरेशन आहे सर. सोमवारी, मुंबईला." तिने केस मागे सारले आणि कानाखालच्या कोपऱ्यावर बोट ठेवले. "हे हाड कमी करणार आहेत. दोन्ही बाजूंचं."

सरांना मूतखडा वगैरे अपेक्षित असावे. ते चष्मा पुसत राहिले. मग म्हणाले, "डॉक्टर काय म्हणाले?"

"डॉक्टर त्याच दिवशी भेटतील. फोनवर त्यांच्या मॅडम बोलल्या. मी त्यांना हा फोटो पाठवला, तर म्हणाल्या, अगदी अस्साच चेहरा करून देऊ." तिने बोटाने बारीक केलेला फोटो दाखवला.

"तुझं हाड कोणी बघितलंय?"

"फोटो बघितला ना."

"हाड, साक्षी."

तिने मोबाइल टेबलावर पालथा ठेवला. मग एकदम म्हणाली, "तुम्ही आता म्हणणार, तू आहेस तशीच छान आहेस. सगळे म्हणतात. त्यांना त्यांचा चेहरा घेऊन फिरायचं असतं, माझा नाही."

"नाही म्हणणार," सर म्हणाले. "चेहरा तुझा आहे. आणि त्या दिवशी वर्गात मीही हसलो होतो. ते माझ्या लक्षात आहे."

साक्षीने मान खाली घातली. सरांचे डोळे भरून आले होते. त्यांनी उठून कपाट उघडले, मला पेटीतून काढून टेबलावर ठेवले आणि खिडकी पुसणाऱ्या सोनबांना हाक मारली.

"सोनबा, हिचा कोपरा कोणी घासला?"

"मीच की सर. पेटीत बसत नव्हती."

"घासताना काय बघत होतास?"

"पेटी. दुसरा काय बघनार?"

"आणि इथली पिवळी तार?"

"ती मधी आली. मला वाटला दोरा हाय, दिली तोडून." सोनबांनी माझ्याकडे पाहिले. "तवापासनं तोंड मिटत नाय तिचा. पन बसली की पेटीत."

साक्षीने बोट माझ्या घासलेल्या कडेवरून फिरवले आणि ते रिकाम्या खाचेत येऊन थांबले. दर शनिवारी फडके तिथूनच जायचे, पण बोट कधी थांबले नव्हते.

"खऱ्या माणसाची तार तुटली तर, सर?"

"ओठ आणि हनुवटी बधिर होतात. दात काढताना सुई देतात ना, तसं. काहींचं काही महिन्यांनी परत येतं, काहींचं येत नाही. पण मी मास्तर आहे, डॉक्टर नाही. हे ज्याच्या हातात करवत असणार आहे त्यालाच विचारायचं. तेही टेबलावर झोपण्याआधी, समोरासमोर बसून."

तिने जर्नलचा एक कोरा कागद घेतला. पहिला प्रश्न तिनेच लिहिला: माझी तार नेमकी कुठून जाते? मग एकातून एक निघत गेले. कापणारे डॉक्टर जबड्याच्या शस्त्रक्रियेचेच शिकलेले आहेत का, की सगळेच करतात? अशी किती केली, आणि बिघडलेली किती? पूर्ण भूल देणार, तर भूलतज्ज्ञ कोण, आणि रक्त थांबले नाही तर तिथे अतिदक्षता विभाग आहे का? हाड कमी झाल्यावर वरची कातडी सैल पडली तर? सूज उतरून खरा चेहरा दिसायला किती महिने? सोनबांनीही खिडकीपासून एक प्रश्न घातला, "जबडा कापल्यावर भाकरी कशी खायची गो?" तिने तोही लिहून घेतला.

सरांनी अर्जावर सही केली. "रजा मंजूर आहे. कुठे जायचं ते तू ठरव."

सोमवारी ती मुंबईला त्या क्लिनिकमध्ये गेली नाही. तिने फोनवरून तोच कागद वाचून दाखवला, तेव्हा मॅडमनी दुसऱ्या प्रश्नाला विषय बदलला आणि चौथ्याला फोन ठेवला. मग ती एका मोठ्या रुग्णालयात, चेहऱ्याच्या व जबड्याच्या शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरीणबाईंना भेटली. परत आल्यावर तिने सरांना सगळे सांगितले, ते मी पेटीतून ऐकले. बाईंनी आधी सीटी स्कॅन काढला आणि पडद्यावर तिची तार दाखवली. ती कोपऱ्यापासून थोड्याच मिलिमीटरवर होती. मग गालावर बोटे ठेवून म्हणाल्या, "दात आवळा." साक्षीने आवळले. बाईंच्या बोटांखाली चांगलाच उंचवटा आला.

"ही निम्मी रुंदी हाडाची नाही, स्नायूची आहे," बाई म्हणाल्या. "दात कधीपासून आवळता?"

"नववीपासून," साक्षीने सांगितले.

बाईंनी करा असेही म्हटले नाही आणि करू नका असेही नाही. आधी रात्री दातांवर घालायचे कव्हर दिले, आवळण्याची सवय मोडायला सांगितले. वर्षाने स्नायू उतरल्यावर पुन्हा या, तेव्हाही हवे असेल तर स्कॅनवर माप घेऊन ठरवू, कारण घासलेले हाड परत येत नाही. भाकरीच्या प्रश्नालाही त्यांनी उत्तर दिले. काही आठवडे पेज, सूप आणि मऊ भात. सोनबांना ते फारसे पटले नाही.

या जूनमध्ये नवी नववी आली. हाडांच्या तासाला एका मुलाने मला पेटीतून उचलले, पहिल्या बाकावरच्या दीक्षाच्या गालाला लावले आणि तेच म्हटले, जे विनोद साक्षीला म्हणाला होता. वर्ग हसला. दीक्षाही हसली. मी तिच्या गालाशी होते. तिचे दात आवळले गेले.

साक्षी मागे परीक्षानळ्या धूत होती. ती ओल्या हातांनी पुढे आली, मला त्या मुलाच्या हातून घेतले, स्वतःचे केस कानामागे खोवले आणि मला आपल्या गालाला लावले.

"माझ्याशी ताडून बघा," ती म्हणाली. "हिचा कोपरा पेटीच्या मापाने घासलाय. म्हणून तोंड असं लोंबतंय. माझा अजून जागेवर आहे. पुढं काय करायचं ते मी ठरवीन. हिला कोणी विचारलं नव्हतं." मग दीक्षाकडे वळून ती हळूच म्हणाली, "दात सोड, बाळ."

दीक्षाने दात सोडले. वर्गात कोणी हसले नाही. सर फळ्याकडे तोंड करून बराच वेळ काहीतरी पुसत होते.

मित्रांनो, मला कोणावर राग नाही. सोनबांनी मला वाचवले तेही प्रेमाने आणि घासले तेही प्रेमाने. माझे मागणे एवढेच आहे की कोणाच्याही हाडाला, तुमच्या स्वतःच्याही, कानस लावण्याआधी आतली तार कुठून जाते ते बघा, आणि ती पेटी कोणी आणली तेही विचारा.

त्या तासानंतर साक्षीने मला पेटीत ठेवले नाही. खिडकीजवळच्या उघड्या फळीवर ठेवले. पत्र्याच्या पेटीत आता सोनबा खिळे ठेवतात.