काळी म्हणजे कशी?

अगं, आधी ऐक तर! ती नवी डॉक्टर आहे ना, बारीक आवाजामुळे सगळे जिला चिमणी म्हणतात, तिच्यासमोर दुपारी एक शिंपीणबाई आल्या. सोबत जावई. बाईंच्या पायाचं प्लॅस्टर नुकतंच निघालेलं.

"काही नाही गं पोरी, बरगडीत चमक भरलीये," बाई म्हणाल्या.

"शिलाई मशीन ओढायला गेल्या, दुसरं काय!" जावई.

चमक म्हटली की मलम लावून घरी. चिमणीही तेच लिहिणार होती. पण बाईंचं एक वाक्य पुरं होईना, मध्येच धाप. नाडी पळतेय, ऑक्सिजन कमी, आणि प्लॅस्टर निघालेली पोटरी टम्म सुजलेली. पायातली रक्ताची गुठळी सुटून फुप्फुसात गेली असली तर?

स्कॅनला रांग. तोवर रक्त पातळ करायचं इंजेक्शन द्यायला हवं. पण बाईंना मागे अल्सर झालेला! पोटात रक्त जात असेल तर शी काळी होते, आणि मग तेच इंजेक्शन जिवावर बेतायचं.

"मावशी, शी काळी होते का?"

बाईंनी जावयाकडे पाहिलं. "छे!"

ते 'छे' चिमणीला काही पटेना. तिने जावयाला बाहेर काढलं. दार लागलं तशा बाई उसळल्या, "जावयासमोर असलं विचारतात का गं? जनाची नाही तर मनाची..." मग हळूच, "होते. काळीच होते."

चिमणीने लगेच विचारलं, "काळी म्हणजे कशी? डांबरासारखी चिकट?"

"नाही गं. हिरवट, खडा. रक्तवाढीच्या गोळ्या घेते ना."

त्या लोहाच्या गोळ्यांनीही शी अशी काळपट होते. पण हे खरं, की अजून लाजच बोलतेय? चिमणीने हातमोजा चढवला, बाईंच्या शिव्या खाल्ल्या, स्वतः तपासलं. हिरवटच वाटलं. वाटलं हं! रक्ताचा रिपोर्ट अजून यायचा होता. तिने मोठ्या सरांना फोन लावला.

"रिपोर्टसाठी थांबू, सर?"

"बाई तुझ्यासमोर आहेत, माझ्यासमोर नाहीत. ओठ कसे आहेत ते बघ आणि ठरव."

ओठ निळसर पडत चालले होते. तिने इंजेक्शन देऊन टाकलं.

स्कॅनमध्ये दोन्ही फुप्फुसांत गुठळ्या निघाल्या, म्हणून आता सगळे शाबास शाबास करतायत. ती मात्र अजून बाईंच्या पलंगाशीच आहे. सारखं बीपी बघते, पोट चाचपते, आणि नर्सला विचारते, "हिरवटच होतं ना गं ते?"

सांग ना, तू दिलं असतंस? की थांबली असतीस?