खंडेनवमीला मला चालू केलं, त्याची गोष्ट

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. जुना म्हणजे किती, तर माझा मॉनिटर उचलायला दोन माणसं लागतात. आता तुम्हीच समजा. १९९९ साली राजारामपुरीतल्या एका बोळात मला जोडलं. पेटी एकाची, पंखा दुसऱ्याचा, मेमरी तिसऱ्याची. मोठ्या कंपनीचं नाव कपाळावर मिरवायचं भाग्य माझं नव्हतं, आणि खरं सांगतो, त्याचा मला अजून राग आहे.

उद्यमनगरात लेथचा कारखाना चालवणाऱ्या आण्णांनी मला आणलं. सुरुवातीला माझे लाड काय विचारू नका! माझ्या खोलीत येताना कामगार चपला बाहेर काढायचे. आण्णा रोज मऊ फडक्यानं मला पुसायचे. मी बिलं छापली, नटबोल्टांची ड्रॉइंगं काढली. पुढे बाजारात माझ्याहून चपळ भाऊबंद आले आणि माझं फडकं लेथच्या तेलाला गेलं. चालायचंच.

कारखान्याच्या मागंच आण्णांचं घर होतं. त्यांच्या पत्नी धोंडुबाई. लहानपणी तापात त्यांचे कान गेले आणि वाचाही गेली. त्यांची एकुलती एक मुलगी प्रीती आईशी हातांनी बोलायची. ही काही शाळेत शिकवतात ती खुणांची भाषा नव्हे. चुलीपुढं बसून मायलेकींनीच ती तयार केली होती. आण्णांना तिच्यातलं कामापुरतं यायचं.

प्रीती लग्न होऊन मस्कतला गेली, आणि माझं नशीब पुन्हा उघडलं. समोरच्या ओतकामाच्या फौंड्रीचे मालक बाबासो आण्णांना म्हणाले, "वेगळं नेट कशाला घेताय? आमचंच वापरा की!" आण्णांचा भाचा कृष्णात कॉम्प्युटर दुरुस्त करायचा. त्यानं माझ्या पोटात एक वायरलेस कार्ड बसवलं, डोक्यावर कॅमेरा लावला, आणि गल्लीपलीकडचं नेट बिनतारी माझ्यापर्यंत आलं. दर रविवारी धोंडुबाई माझ्यासमोर आणि प्रीती मस्कतहून माझ्या पडद्यावर, अशा मायलेकी हातवारे करत बसायच्या. धोंडुबाई हसल्या की खुर्ची हलायची. माझ्या आयुष्यातलं एवढं चांगलं काम मी दुसरं केलं नाही.

आणि २००८ च्या पावसाळ्यात बाबासोंचा राउटर विजेनं जळला. नवा आला तो नव्या पद्धतीच्या कुलपाचा. माझ्या जुन्या कार्डाला ते कुलूप उघडेना. पासवर्ड बरोबर, तरी दार बंद! प्रीतीला तेव्हा दिवस गेले होते. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण तिला त्रास होऊ लागला आणि डॉक्टरांनी विमानात बसायला मनाई केली. फोन यायचे ते आण्णांना. आण्णा फोन ठेवून धोंडुबाईंना हातानं सांगायचे, "सगळं बरं हाय." रोज तेच. हातांच्या बोलीत 'अहो' नसतं, धोंडुबाई सरळ नवऱ्याच्या तोंडापुढं हात नाचवायच्या, "तू खोटं बोलतोस!" त्यांना लेकीचे हात दिसायला हवे होते. त्याशिवाय त्यांचा विश्वास बसत नव्हता, आणि ते हात दाखवणारा मी आंधळा होऊन बसलो होतो.

कृष्णात आज येतो, उद्या येतो करत राहिला. "मामा, ह्यो डबा भंगारात घाला की. नव्या कार्डाला नवं विंडोज पायजे, त्याला मेमरी पायजे. म्हाताऱ्याला जरीचा फेटा बांधून काय उपेग?" मेल्या, तुझ्या जिभेला काही हाड आहे का! पण धोंडुबाई एक दिवस त्याच्या दुकानात जाऊन ठाण मांडून बसल्या, तेव्हा कुठं तो आला. माझं पोट उघडलं, धूळ काढली, मेमरी वाढवली, नवं विंडोज भरलं, नवं कार्ड बसवलं. पाठीमागं बोटाएवढा अँटेना आला. आणि मित्रांनो, समोरचं कुलूप खाडकन उघडलं! त्या संध्याकाळी प्रीती काही भेटली नाही; ती दवाखान्यात होती. उद्या भेटेल, म्हणून सगळे जेवायला गेले.

तो उद्याचा दिवस खंडेनवमीचा निघाला.

खंडेनवमीला आमच्याकडं हत्यारांची पूजा असते. लेथ बंद, ड्रिल बंद. सगळं धुऊनपुसून झेंडूच्या माळा घालायच्या, आणि त्या दिवशी यंत्र चालवायचं नाही. आण्णांनी भल्या सकाळी मलाही, म्हणजे माझ्या पेटीला, हौसेनं उचललं आणि लेथवर पान्यांच्या, हातोड्यांच्या रांगेत बसवलं; जड मॉनिटर शेजारच्या टेबलावर राहिला. कॅमेऱ्यासकट माळ घातली. दर्शनी बाजू पुढं हवी, म्हणून माझी पाठ लेथच्या लोखंडी धुडाला घट्ट टेकवली.

नारळ फुटतो न फुटतो तोच जावई राजवीरचा फोन आला. आण्णांचा चेहरा उतरला. पोटातल्या बाळाची हालचाल मंदावली होती, तासाभरात ऑपरेशन होतं, आणि प्रीती म्हणत होती, आधी मला आई दाखवा.

आण्णांनी फोन ठेवला आणि धोंडुबाईंना खूण केली, "सगळं बरं हाय." धोंडुबाईंनी त्यांचा हात धरून झिडकारला आणि माझ्याकडं बोट केलं.

"आज न्हाय," आण्णा पूजेला आलेल्या कृष्णातला म्हणाले. "वडलांपासनं पाळलंय. आज यंत्र चालवलं आणि पोरीला काय झालं तर?"

"मामा, बाबासो नेट चालू ठिवून, ऑफिसला कुलूप लावून आजऱ्याला गेल्यात. नेटकॅफेवाल्यांनी शटर ओढून पूजा मांडल्यात. ह्यो म्हाताराच हाय आता."

आण्णांनी शेवटी मान हलवली. "चालू कर. पण मांडलेली पूजा जाग्यावरनं हलवायची न्हाय."

तिथंच घात झाला! माझा अँटेना लोखंडात दाबला गेला होता. मला बाबासोंचं नेट दिसेना, ऐकू येईना. कृष्णातनं मला बंद केलं, चालू केलं, कार्ड काढलं, फुंकर मारली, परत बसवलं. माझं चालू होणं म्हणजे बैलगाडीचा चढ. वेळ चालला होता. "कार्ड गेलं," तो कपाळ धरून म्हणाला. अरे गेलं नाही रे बाबा! काल चाललं ते आज कसं जाईल? मला जरा पुढं ओढ, एक हात पुढं! सगळं मला कळत होतं आणि सांगता येत नव्हतं. समोर धोंडुबाई आणि इकडं मी, दोघंही मुके. एवढा असहाय मी जन्मात झालो नव्हतो.

मग त्या उठल्या. त्यांनी माझी माळ काढली, मला दोन्ही हातांनी कवटाळलं आणि ओढलं. पाने-हातोडे खणाखण खाली पडले. "अगं हलवू नको!" आण्णा ओरडले, पण त्या ओरडण्याचा त्यांना काय उपयोग? मॉनिटरची वायर निसटली; ताणलेल्या विजेच्या वायरीनिशी त्यांनी मला दारात नेऊन स्टुलावर ठेवलं आणि माझं तोंड फौंड्रीकडं केलं. नेट तिकडून येतं, एवढंच त्यांना ठाऊक होतं. ज्याच्याशी बोलायचं त्याच्याकडं तोंड करावं, हा त्यांचा साधा हिशेब. माझी पाठ लोखंडातून सुटली, आणि नेट आलं!

आण्णा आणि कृष्णातनं मिळून मॉनिटर दारात आणून जोडला. राजवीरनं दवाखान्यात लॅपटॉप नेला होता; पडद्यावर प्रीती दिसली. एका हाताला सलाईन, दुसऱ्या हातानं ती बोलत होती. "बाळ हलत नाही. आई, मला भीती वाटते."

"मलाही वाटते," धोंडुबाईंचे हात म्हणाले. "माझ्याकडं बघ. बघत राहा." प्रीती बघत राहिली, तिला आत नेईपर्यंत.

मला कुणी बंद केलं नाही. माझा पंखा घरघरत होता, पोट तापलं होतं, आणि मी एकच मागणं मागत होतो, आज मरण नको. दुपारी पडद्यावर राजवीर आला. तो काहीतरी बोलला, आणि आण्णा मटकन खाली बसून ढसाढसा रडू लागले. धोंडुबाईंना बोलणं ऐकू आलं नाही, नवऱ्याचं रडणं तेवढं दिसलं. त्यांनी आण्णांना गदागदा हलवलं. आण्णांचे हात तोंडावरून निघेनात. राजवीरला खुणा येत नव्हत्या. धोंडुबाईंचा चेहरा पांढराफटक पडला, आणि त्यांनी माझा पडदा दोन्ही हातांनी धरला.

राजवीरनं कॅमेरा वळवला. खाटेवर प्रीती होती. तिनं सलाईनचा हात कसाबसा उचलला आणि बोट नाकपुडीला टेकवलं, चमकी असते तिथं. मायलेकींच्या बोलीत त्याचा अर्थ, मुलगी. मग दोन बोटं वर केली आणि तळवा छातीवर ठेवला. दोघी बऱ्या आहोत.

मित्रांनो, मला उद्या भंगारात घातलं तरी माझी तक्रार नाही. पण माझं एक ऐका. तुमच्या घरात कुणी न बोलणारं असेल, माणूस असो की माझ्यासारखं यंत्र, तर त्याला कोपऱ्यात पाठ टेकवून बसवू नका आणि 'सगळं बरं आहे' म्हणून परस्पर वाटेला लावू नका. दोन घटका त्याच्याकडं तोंड करून बसा.