फळीवरचं पीठ

जाईबाईने पिठाचा डबा आधी ट्रकच्या केबिनमध्ये सरकवला आणि मग दांडीला धरून स्वतः वर चढली. खाली तिची नणंद आक्का पणती आणि तेलाची बाटली घेऊन उभी होती. नवा ड्रायव्हर रामनाथ सीटवरून उठायला लागला, तसं जाईबाईने त्याला हातानेच थांबवलं.

"बसा दादा. मी फक्त जागा बघते."

सीटमागे पडदा होता आणि पडद्यामागे रेक्झिन ठोकलेली झोपायची फळी. तिचा नवरा काळूराम ह्याच फळीवर गेला होता. पूर्ण्याला, गोदामाबाहेरच्या रांगेत. तिथून कामतघरचं घर रिक्षाने कितीसं लांब? पण रांग सोडून जाता येत नाही. "पोचलोय. नंबर लागला की येतो, तू जेवून घे," असा त्याचा फोन आला होता. डोळा लागला की वॉचमन दरवाजावर काठी आपटायचा, गाडी पुढे घ्यायला लावायचा. सकाळी रांग हलली, काळूरामची गाडी हलली नाही. मागच्यांनी आधी हॉर्न मारले, मग शिव्या घातल्या, मग कुणीतरी वर चढून पाहिलं.

माणूस जिथे गेला तिथे दिवा लावायचा, जवळ पीठ पसरायचं आणि त्यावर काय उमटतं ते बघायचं, ही रीत. घरात गेलेल्या माणसाचं सोपं असतं हो. ज्याचं अर्धं आयुष्य फळीवर झोपण्यात गेलं, त्याच्यासाठी घरात दिवा लावला तर तो तिथे येणार कशाला? आक्काने हेच धरून ठेवलं होतं. गाडी मात्र धनेशशेठची. शेठ माणूस वाईट नाही, पण गाडी उभी ठेवून त्याचं तरी कसं भागणार? हैदराबादची खेप आज निघायची म्हणजे आजच निघायची.

"गाडी थांबंल तिथं दिवा लावीन मी, वहिनी," रामनाथ म्हणाला. "पीठबी पसरीन. काळूरामदादाच्या डब्यातलं जेवलोय, तेवढं करीनच."

"आणि झोपाल कुठं?"

"सीटवर. न्हायतर गाडीखाली. फळीला पाठ न्हाय लावायचा. शब्द हाय माझा."

"बघ हां, गाईचं पाऊल उमटलं तर सोनं झालं," आक्का खालून म्हणाली.

जाईबाईला गाय नको होती आणि सोनंही नको होतं. तो कुठेतरी एकदाचा टेकला, एवढंच तिला कळायला हवं होतं. हे तिने कुणालाच सांगितलं नाही.

दहाव्याच्या आदल्या दिवशी रामनाथचा फोन आला. गाडी परत आली होती आणि पूर्ण्याला त्याच रांगेत लागली होती. दोघी रिक्षा करून गेल्या. गुडघ्यांमुळे आक्का खालीच राहिली.

रामनाथचे डोळे तांबारले होते. माणूस बसल्या जागी झुलत होता.

"पहाटे लावला होता दिवा," तो म्हणाला.

डॅशबोर्डवरची पणती विझली होती. जाईबाईने पडदा सारला. फळीच्या उशाकडचं पीठ बरंचसं विस्कटलं होतं, पण मधोमध एक कान उमटला होता, अख्खा, पाळीसकट. शेजारी गाल. तोंडाच्या जागी लाळेने पीठ ओलं होऊन वाळलं होतं.

तिने वळून पाहिलं. रामनाथच्या कानामागे, केसांत, पीठच पीठ होतं.

"कालपासून रांगेत हाय, वहिनी," तो मान खाली घालून म्हणाला. "कवा आडवा झालो, मलाच न्हाय कळलं. शब्द दिलेला मी."

जाईबाईला राग आला. इतके दिवस ती ह्या एका खुणेवर जगली होती. तिने तोंड फिरवलं आणि त्या कानाकडे पुन्हा बघत राहिली. काळूरामही ह्याच कुशीवर झोपायचा.

"काय उमटलंय गं?" आक्काने खालून विचारलं.

खुंटीवर काळूरामचा पंचा अजून तसाच होता. तो काढून तिने रामनाथच्या हातात दिला आणि त्याच्या कानाकडे बोट केलं.

"झोपलेत," ती म्हणाली. "गाढ झोपलेत, आक्का."

आक्काने हात जोडले. "सुटला गं बाई, माझा काळू."

"तुम्ही व्हा पुढं. मी येते मागनं."

रिक्षा गेल्यावर जाईबाईने फळीवरचं पीठ हाताने गोळा करून डब्यात भरलं आणि पडदा बाजूला धरला.

"आता झोपा."

"आणि रांग हलली तर?"

"मी हाय ना. उठवते."

नको-नको करत तो आडवा झाला आणि लगेच घोरायला लागला. ती पुढच्या सीटवर बसून समोरच्या गाडीकडे बघत राहिली. काळूराम गेला त्या रात्री ती घरी ताटावर ताट झाकून वाट बघत बसली होती. इथे येऊन बसायचं तेव्हा सुचलं असतं तर. हे तिच्या मनातून आता कधी जाणार नव्हतं.

वॉचमन एकेक गाडी करत जवळ आला. त्याने काठी उचलली, तशी जाईबाईने खिडकीतून हात बाहेर काढला.

"मत मारो, भैया. गाडी हलेगी तो मैं उठाती. अंदर आदमी सोया है."

त्याने वर पाहिलं आणि काठी खाली घेतली. पुढची गाडी अजून जागची हलली नव्हती.