‘ण’चं घर

‘ण’ची शेवटची काठी पुसली गेली होती, रेवाच्या ओल्या टाचेनं. हॉलच्या लादीवर मृणालीनं खडूनं चार घरं आखली होती, ठिकरीच्या खेळात आखतात तशी — न, ण, ल, ळ — आणि त्यातलं नेमकं हेच अक्षर पांगळं होऊन पडलं होतं. बाकीची तीन कशी धडधाकट! तिनं खडू उचलून काठी पुन्हा ओढली, जरा जास्तच दाबून, आणि खडूचं टोक मोडलं.

“आई, सांग ना लवकर!” रेवा एका पायावर नाचत होती.

खेळ सोपा होता, बालवाडीच्या बाईंनीच सांगितलेला. आईनं शब्द म्हणायचा, मुलीनं डोळे मिटून ऐकायचा, आणि कानावर जो आवाज पडेल त्या घरात उडी मारायची. गिरवणं नाही, पाठांतर नाही... नुसतं ऐकायचं आणि उडायचं. बाई रागावल्या वगैरे नव्हत्या, हसतच म्हणाल्या होत्या, “रेवा हुशार आहे हो, पण ‘ण’ आला की बरेचदा ‘न’ म्हणते. सोमवारी मी पुन्हा ऐकेन, मग मोठ्या गटात घालायचं का ते ठरवू. घरी कोण बोलतं तिच्याशी?” — घरी कोण बोलतं! रोह्याहून वरसेला घरी रिक्षातून येताना ते शब्द माशाचा काटा अडकावा तसे तिच्या घशात अडकून बसले. कोण बोलणार? मी बोलते. दिवसभर मीच तर बोलते.

आणि आज, सगळे दिवस सोडून आजच, आई पेणहून एसटीनं येऊन टपकली होती. बायजा. डब्यात जिताडा माशाचे तुकडे, पदराला धरमतरच्या खाडीचा वास, आणि तोंडात ती जीभ, जिच्यात ण नाही, ळ नाही, पाणी म्हणजे पानी आणि फळ म्हणजे फल. आल्या आल्या भिंतीला पाठ टेकून बसली आणि नातीच्या उड्या बघून खूश झाली. बिचारीला काय माहीत, इथं काय चाललंय ते.

पेणच्या कॉलेजात मृणाली एकदा उभी राहून वाचत होती, ‘प्रानी’ म्हणाली, आणि मागच्या बाकावरून कुणीतरी सूर लावला, आनी-पानी-लोनी... कॉलेज सुटेपर्यंत तेच तिचं नाव. खरं नाव सांगायचीही चोरी! शाळेत घालताना गुरुजींनी हौसेनं ठेवलेलं मृणाली, आणि अख्ख्या घरात एकाला ते धड म्हणता येऊ नये... मग ती न्हाणीत बसून जीभ टाळूकडे वळवायची, कोण, लोणी, गोणी, पुन्हा कोण — कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून नळ सोडून ठेवायची. लग्नानंतर जितेशला पत्ताही लागला नाही. लेक झाली तेव्हा नाव तिनंच हट्टानं ठेवलं, रेवा. त्यात ण नाही, ळ नाही, आईच्या तोंडून बिघडेल असं काहीच नाही. लोक म्हणाले, नदीचं नाव, किती छान.

“थांब, मना सांगू दे,” बायजा पुढं सरकली. “फनस!”

रेवानं डोळे मिटून उडी मारली. ‘न’मध्ये.

“शाबास गो माजी बाय!”

“चूक,” मृणाली म्हणाली. “‘ण’मध्ये जा.”

“पण आजी तर—”

“चूक म्हटलं ना!”

“बरा, आता दुसरा. पानी!” बायजाला आता रंग चढला होता. रेवा पुन्हा ‘न’मध्येच, दोन्ही पाय घट्ट रोवून, आणि सोमवार असा समोर उभा...

“आई, तू बोलू नकोस तिच्याशी.”

निघून गेलं तोंडातून. निदान हळू तरी म्हणायचं होतं. बायजानं तिच्याकडे पाहिलं, मग लादीवरच्या त्या चार आकृत्यांकडे पाहिलं. त्यातली एकही तिला वाचता येत नव्हती.

“का गो? माजा काय चुकला?”

“तुझं ऐकून तिचं चुकतं. लोक हसतात गो... हसतात माणसाला.”

“बरा,” बायजा म्हणाली. “नाय बोलनार.” आणि पुन्हा भिंतीला टेकली.

मृणालीला लाज वाटली. वाटणारच. पण लाजेपेक्षा रागच जास्त होता, आणि कुणाचा ते कळत नव्हतं — आईचा, बाईंचा, मागच्या बाकाचा...

“चल रेवा. नीट ऐक. कोण!”

रेवानं डोळे मिटले, क्षणभर मान कलती करून ऐकल्यासारखं केलं आणि उडी मारली. ‘न’मध्ये.

“रेवा! कान कुठं आहेत तुझे?”

“ऐकलं मी नीट! तू कोन म्हणालीस.” रेवाचे ओठ थरथरत होते, पण पाय हलत नव्हते. “बाईंचा कोण असतो तो ‘ण’मध्ये. तू रागावलीस की तुझा आजीसारखाच होतो.”

पंखा गरगरत होता. म्हणजे पोरीच्या कानांना काही झालेलं नव्हतं. तिला दोन्ही आवाज स्वच्छ ऐकू येत होते, वेगवेगळे, आणि कुठला कुणाचा तेही ठाऊक होतं... मग मी इतकी वर्षं नळ सोडून काय पुसत होते?

भिंतीपाशी बायजा हलली. तिनं मूठ मिटली, अंगठा ओठांना लावला, पेला रिकामा करावा तशी मान जराशी मागं कलवली. तोंडातून अक्षर नाही.

“आजीला काय हवंय?” रेवा उत्साहानं रेघेवर येऊन उभी राहिली, एक पाय उचलून. “आई, तू सांग! मी उडी मारते.”

बायजानं नजर खाली वळवली. दिलेला शब्द ती पाळत होती. मृणालीनं तोंड उघडलं. जीभ सवयीनं टाळूकडे वळू लागली आणि मध्येच अधांतरी थांबली, दातांपाशी जावं की मागं वळावं हे तिचं तिलाच कळेना, आणि हाच एक शब्द सोडून दुसरं काही म्हणता येण्यासारखंही नव्हतं... मग तो तिच्या तोंडून गेला. रेवाची उडी लादीवर धपकन वाजली. कुठल्या घरात, ते मृणालीनं पाहिलं नाही. ती आईच्या तोंडाकडे बघत होती, ते आता तरी उघडतं का म्हणून.