डाव्या हाताची घडी

“पुन्हा बूट टेबलाखाली! अरे, दाराबाहेर फळी ठोकलीय ती काय मांजरांना बसायला?”

मोठ्या बाईंनी पायानंच बूट बाहेर ढकलले. मुलानं पायानंच ते परत आत ओढले. त्याच्या हातातली इस्त्री थांबली नाही.

“बाहेर ठेवले की येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसतात, आई.”

“मग दिसू देत की! चोरून आणलेत का?”

“तुला सगळं माहितीय. उगाच कशाला सकाळी सकाळी डोकं खातेस?”

माहीत होतं, म्हणूनच तर बूट खुपत होते. धडधाकट बापई माणूस, आणि मागच्या दारानं यायचं, मागच्या दारानं जायचं. दुकानाची घंटा वाजली की उंदरासारखं टेबलाखाली घुसायचं. लहानपणापासून त्याला त्या ‘राजा’ म्हणत आल्या होत्या. आता ती हाक मारायचीसुद्धा चोरी झाली होती, बाहेर ऐकू गेली तर काय घ्या!

लाँड्री मोठ्या बाईंची. शाळेचं तोंड त्यांनी जेमतेम पाहिलेलं, सही तेवढी यायची. पण एक बादली आणि कोळशाची एक इस्त्री एवढ्यावर त्यांनी हे दुकान उभं केलं होतं. जीभ अशी की पैसे बुडवणारं गिऱ्हाईक गल्ली बदलून जायचं. “कुणाचं ठेवत नाही नि कुणाला सोडत नाही,” हे त्या ऊठसूट ऐकवायच्या. आणि आज त्यांच्याच मागच्या खोलीत पोटच्या पोरीचे पैसे बुडवून बसलेला एक जण इस्त्री करत होता.

सून मुलीला घेऊन निघून गेली, काडीमोड झाला, तेव्हा कोर्टानं सांगितलं होतं की पोरगी मोठी होईपर्यंत बापानं दरमहा खर्च द्यायचा. राजानं पहिले काही महिने दिला. मग एकदा चुकला, मग दोनदा. सुनेनं पुन्हा कोर्ट गाठलं, तेव्हा यानं गोदामातली नोकरीच सोडून दिली. “पगारच नाही तर कापणार कशातून?” असं म्हणाला आणि स्वतःच्या हुशारीवर खूश होऊन हसला. त्या वेळी मोठ्या बाईही हसल्या होत्या. सुनेनं घराण्याला कोर्टाची पायरी चढायला लावली याचा राग डोक्यात होता. “घेऊ दे म्हणावं काय घ्यायचं ते!” असं चार बायकांत म्हणूनही झालं होतं. जुना इस्त्रीवाला काम सोडून गेलाच होता. राजा मागं उभा राहिला. आई हातावर देईल तेवढ्यात भागवायचा, जेवणखाण घरचं. परका माणूस ठेवला असता तर त्यानं दुप्पट घेतले असते. हा हिशेब मोठ्या बाईंनी कुणाला बोलून दाखवला नव्हता, पण केला होता.

घंटा वाजली.

राजा खाली बसला. मोठ्या बाई मधला पडदा ओढून पुढं आल्या, आणि दारात सून दिसली.

सोबत एक वाळकासा माणूस, काखेत फाईल. कोर्टाचा बेलिफ आहे, हे त्यानंच सांगितलं. सुनेला ओळख पटवायला आणलंय, हेही सांगितलं.

“तुमचा मुलगा इथं कामाला आहे, असं कळलं,” बेलिफ म्हणाला. “असेल तर मालक म्हणून तुम्हाला त्यांच्या पगारातून पैसे कापून कोर्टात भरावे लागतील. तसा हुकूम आहे.”

“कोण म्हणतं कामाला आहे?”

“मी विचारतोय, मावशी.”

“मग ऐका. इथं मी आहे आणि मशीनवर एक बाई आहे. तो कुठं उलथलाय मला ठाऊक नाही. कित्येक महिने तोंड पाहिलेलं नाही मी त्याचं.” एवढं बोलून त्या थांबल्या असत्या तर बरं होतं. पण जिभेला थांबायची सवय नव्हती. “आणि काय हो, एका पोरीला पोसायला हिचे दोन हात पुरत नाहीत? मी नाही वाढवला एकटीनं?”

सून पूर्वीपेक्षा वाळली होती. कोटाची एक गुंडी वेगळ्या रंगाची होती. ती काउंटरकडं पाहत होती.

काउंटरवर दवाखान्याच्या पांढऱ्या कोटांची चळत होती. मोठ्या बाईंनीच अर्ध्या तासापूर्वी ती मागून आणून ठेवलेली. अजून कोमट असेल.

सुनेनं वरचा कोट उचलला आणि उलटा केला.

या दुकानाची एक रीत होती, त्यांनीच घातलेली. कपडा पाठीवर पलटून आधी डावी बाजू आत घ्यायची, मग उजवी तिच्यावर. घडी बघून हात ओळखता आला पाहिजे, म्हणजे कुठं चटका बसला, चुणी राहिली, तर कुणाला झापायचं ते कळतं. सून नवी नवी आली होती तेव्हा तिला याच काउंटरशी उभं करून त्यांनी ते शिकवलं होतं. “ही माझी. ही मशीनवालीची, बघ कोपरा कसा सैल सोडते. आणि ही उलटी घातलेली आमच्या राजाची, सुट्टीला हात लावतो तेव्हाची. डावखुरा ना तो! कितीदा सांगितलं, पण त्याची उजवी बाजू आधी ती आधीच.” सासू-सून दोघी तेव्हा खूप हसल्या होत्या. सुनेला ते इतकं पक्कं जमलं की डोळे मिटून बोटांनी सांगायची.

आताही तिची बोटं त्या घडीवरून फिरली. उजवी बाजू आत, डावी वर. तिनं खालचा कोट जरासा उचलून पाहिला. त्याच्या खालचा पाहिला. सगळे तसेच.

मग तिनं मान वर केली. मोठ्या बाईंनी आयुष्यात कुणाच्या नजरेला नजर देताना माघार घेतली नव्हती. आज घेतली. त्या काउंटरवर नसलेली धूळ पुसायला लागल्या.

‘आता बोलेल,’ त्यांना वाटलं. ‘पडदा सरकवा म्हणेल, की संपलं.’

“साहेब,” सून म्हणाली, “त्या नाही म्हणतायत तर नसेल. चला.”

“बघा हं, पुन्हा पुन्हा येता येत नाही.”

“मी त्यांच्या हाताखाली काम केलंय. पैशाच्या बाबतीत खोटं बोललेलं ऐकलं नाही कधी.”

तिनं कोट सुलटा केला, चळतीवर ठेवला, कडा जुळवल्या. टोमणा असता तर मोठ्या बाईंनी परतून हाणला असता, टोमण्यांना त्या घाबरत नव्हत्या. पण ते बोलणं साधं होतं, थकलेल्या माणसाचं. बेलिफनं कागद पुढं केला, ‘सदर इसम आढळला नाही’ असं वाचून दाखवलं आणि बोटानं जागा दाखवली. मोठ्या बाईंनी सही केली. अक्षरं एरवीपेक्षा वाकडी आली.

दार लागलं तसा पडदा हलला.

“वा गं आई! ‘कुठं उलथलाय मला ठाऊक नाही!’” राजा तोंडावर हात धरून हसत होता. “नाटकात जायला हवं होतंस तू. तो फाईलवाला बघ कसा शेपूट घालून गेला.”

“तिनं ओळखलं.”

“काय ओळखलं?”

“तुझी घडी.”

राजानं खांदे उडवले. “मग बोलली का नाही? हिंमत नाही झाली. जाऊ दे. चहा टाक ना जरा.”

मोठ्या बाई त्याच्याकडं बघत राहिल्या. हा हसतोय कसा? त्याला वाटतंय, त्या त्याच्या बाजूनं जिंकल्या. त्यांना मात्र भर चौकात कुणीतरी अंगावर पाणी ओतल्यासारखं झालं होतं. त्या मागच्या दारानं बाहेर पडल्या. कुठं जायचं ते ठरलं नव्हतं. फक्त त्या खोलीत उभं राहवत नव्हतं.

बोळातून वळून रस्त्यावर आल्या तर समोर बसथांबा. बेलिफ पाठ करून फोनवर बोलत होता. सून पलीकडच्या नळावर तोंड धूत होती, पुन्हा पुन्हा पाणी मारत होती. आणि थांब्याच्या बाकावर दप्तर मांडीवर घेऊन नात, बबडी, बसली होती. पाय जमिनीला टेकत नव्हते.

मोठ्या बाईंना परत फिरायचं होतं. पण पोरीनं पाहिलं होतं.

“आजी!” ती दबक्या आवाजात म्हणाली आणि हातानं जवळ बोलावलं. “इकडं ये ना. कानात सांगायचंय.”

मोठ्या बाई वाकल्या. पोरीच्या केसांना खडूचा आणि ओल्या लोकरीचा वास येत होता.

“मी ना, आई दुकानात होती तेव्हा बोळात उभी होते. तिथं वाफेचा पाइप आहे ना, तिथं ऊब असते. आणि मला खिडकीतून बाबा दिसले.”

“कुठले बाबा?” मोठ्या बाईंच्या तोंडून निघून गेलं.

“अगं, माझे! टेबलाखाली बसले होते. त्यांनी पण मला पाहिलं. असं केलं.” पोरीनं ओठांवर बोट ठेवून दाखवलं आणि एक डोळा मिटायचा प्रयत्न केला, तर दोन्ही मिटले. “म्हणून मी कुणालाच नाही सांगितलं. आईलासुद्धा नाही. आई आत्ता रडत होती ना, तरी नाही सांगितलं.”

मोठ्या बाई तिच्या शेजारी बाकावर बसल्या.

“तुला सांगितलं, कारण तू त्यांचीच आई आहेस,” पोरीनं खुलासा केला. मग जरा थांबून तिनं विचारलं, “मी नाही सांगितलं, म्हणजे आता बाबा मला भेटायला येतील ना?”

या पोरीच्या वयाचा राजा मोठ्या बाईंना आठवत होता, तो खोटं बोलला की त्या उपाशी ठेवायच्या. आणि या पोरीला खोटं गिळायला शिकवलं होतं कुणी? त्यानं. पडद्याच्या अलीकडं उभं राहून त्यांनीही.

सून तोंड पुसत आली आणि थबकली. “तुम्ही? आता काय राहिलं?”

“तू का नाही बोललीस?” मोठ्या बाईंनी विचारलं.

“काय बोलायचं होतं? ज्यांनी घडी ओळखायला शिकवलं, त्यांनाच घडी दाखवायची? मला लाज वाटली.”

“तुला?”

“हो. तुम्ही तसं बोलत होता आणि मी ऐकत उभी होते. मला तिथं उभं राहवेना.”

मोठ्या बाईंनी बबडीचं दप्तर उचलून उगाचच पुन्हा तिच्या मांडीवर नीट ठेवलं. मग त्या बेलिफकडं गेल्या आणि त्याच्या दंडाला हात लावला. तो दचकला.

“साहेब, फोन ठेवा. तो कागद काढा परत.”

“का हो?”

“मी खोटं सांगितलं. मुलगा आत आहे. माझ्याकडंच कामाला आहे.” थांब्यावरची माणसं वळून बघायला लागली. त्यात दोन गिऱ्हाइकं होती. मोठ्या बाईंचे कान तापले, पण त्यांनी आवाज खाली आणला नाही. “हातावर पैसे देते, कुठं लिहीत नाही. मुद्दाम लिहीत नाही.”

“मावशी, तुम्ही सही केलीय. कोर्टातल्या साहेबांना कळलं तर तुमच्यावर पण येईल हे.”

“येऊ दे. माझ्यावर आलंच पाहिजे.”

सून बबडीपाशी थांबली. “तुम्ही व्हा पुढं,” एवढंच म्हणाली. मोठ्या बाई बेलिफला घेऊन दुकानाच्या दारानं आत शिरल्या आणि पडदा एका हिसक्यानं पार टोकापर्यंत सरकवला. राजा टेबलावर बसून पाय हलवत होता. हातातला कप तसाच राहिला.

“हाच तो,” मोठ्या बाई म्हणाल्या. “लिहून घ्या. आणि त्याचा खरा पगार काय व्हायला पाहिजे तेही सांगते, तो लिहा. त्यातून कापायचं.”

“आई!” राजा खाली उतरला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता, मग लाल झाला. “डोकं फिरलंय का तुझं? परक्या माणसाला घेऊन येतेस? तू नक्की कुणाची आई आहेस गं?”

“तुझीच,” मोठ्या बाई म्हणाल्या. त्यांनी काउंटरची कड धरली होती. “जन्म मी दिला, पोसलं मी, लपवलंही मीच. त्यातलं काही नाकारत नाही, साहेबही ऐकतायत. पण ती एवढीशी पोर तिकडं बसलीय, आई रडतेय तरी ओठ मिटून, का तर बापानं बोट ठेवलं म्हणून. तिला वाटतंय, गप्प राहिलं की बाप भेटेल. तुला त्याची लाज वाटली नाही, ती मला वाटतेय, आणि या वयात ती माझ्यानं पेलवत नाही. पोरीचे पैसे दे, राजा. कष्ट करून दे, सगळ्यांच्या देखत दे. तोवर मला आई म्हणू नकोस.”