नऊवारीतली पोटरी

मी नलिनीची उजवी पोटरी बोलतेय. दचकलात ना? पोटाचे लाड सगळेच करतात, माझी आठवण मात्र गोळा आल्यावरच होते.

माझा जन्म नागपूरचा. लंगडी, लगोरी, सायकल, सगळं मी निभावलं. लग्न झालं आणि नलिनीबरोबर मीही भोपाळला आले, इंद्रपुरीत. नवरा विश्वास कारखान्यात टेक्निशियन. ओट्याशी उभं राहा, पाहुण्यांना वाढताना उभं राहा! चालणं कमी, उभं राहणंच फार. मी हळूहळू आखडत गेले.

पण श्रावण जवळ आला की आमची नलिनी साठीतही सोळा वर्षांची होते. मराठी मंडळाच्या मंगळागौरीत फुगडी घालावी तर तिनंच! तालीमसुद्धा नऊवारी नेसूनच. "गाऊनवर का कुणी झिम्मा खेळतं?" असं तिचं म्हणणं.

यंदा तालमीत, मंडळातल्या संपदाबरोबर फुगडी ऐन रंगात आली असताना मी अशी आवळले गेले की सुटेचना. दगड झाले, दगड! नलिनी किंचाळली आणि संपदासकट खाली आली. बायका धावल्या, मला कणकेसारखं तिंबू लागल्या. अगं बायांनो, गुडघा सरळ ठेवा, पाऊल हळूच नडगीकडे ओढा, मी आपसूक सैल होते! पण माझं ऐकतो कोण?

घरी विश्वासचा चेहरा उतरला. "नलू, पुरे आता. हाड मोडलं म्हणजे? यंदा खुर्चीवर बसून बघ."

तो मायेनंच बोलला हो. पण नलिनी स्वयंपाकघरात गेली, नळ सोडला आणि रडली. दुखणं माझं आणि शिक्षा तिला. मला फार वाईट वाटलं.

डॉक्टरांनी तपासलं, काळजीचं काही नव्हतं. पोटऱ्या ताणायचा व्यायाम दिला. "पानी ठीक से पीती हैं?" त्यांनी विचारलं. "भरपूर!" नलिनी म्हणाली. मी मनातल्या मनात कपाळ बडवून घेतलं.

मग ती सुनेला, ऋचाला, नऊवारी नेसवायला लागली. "मी नाही तर नाही, तू तरी खेळ." ऋचा भोपाळातच वाढलेली, बोलण्यात निम्मी हिंदी. कासोटा खोचून झाल्यावर तिनं विचारलं, "आई, एक बात बताइए. ह्यात बाथरूमला कसं जायचं?"

"जायचंच नाही! तालमीच्या दिवशी सकाळपासून पाणी बंद. इतकी वर्षं हेच करतेय."

"और डॉक्टर को बोला, भरपूर?"

"परक्या पुरुषाला काय कासोट्याची कथा सांगू?"

"हे राम! मग शिवलेली नऊवारी घ्या ना."

"शिवलेली? त्यापेक्षा खुर्ची बरी."

ऋचानं पेलाभर पाणी आणून सासूच्या हातात दिलं. मग म्हणाली, "ठीक है. तुम्ही पाणी प्या. जितक्यांदा कासोटा सोडाल, तितक्यांदा मी नेसवीन."

सगळं खापर पाण्यावर फोडू नका हं. उभं राहून आखडलेली मी, त्यात वय, त्यात एकदम उड्या, वर घाम आणि घोटभर पाणी नाही. गोळा नेमका कशानं आला, ते दर वेळी डॉक्टरांनाही सांगता येत नाही. पण मला रोज ताणा, थोडं चालवा, तहानलेली ठेवू नका. निदान मी चिडायचं तरी कमी करते.

नलिनी रोज भिंतीला हात टेकून मला ताणू लागली. नंतरच्या तालमींत मी एकदाही दगा दिला नाही, तेव्हा कुठे विश्वास म्हणाला, "खेळ बाई. पण दुखलं तर थांब."

आज मंगळागौर. आम्ही पडद्यामागे उभ्या आहोत. माइकवर आमच्या गटाचं नाव पुकारलं आणि नलिनी सगळ्यांसमोर खणखणीत आवाजात म्हणाली, "ऋचा, मला जाऊन यायचंय."

सगळ्यांच्या माना वळल्या. मग मागून संपदा हळूच म्हणाली, "ए ऋचा, मलापण गं." पाठोपाठ तिसरी, चौथी. बघता बघता सगळ्यांची रांग लागली. म्हणजे इतकी वर्षं सगळ्याच पाणी तोडत होत्या आणि एकीनंही तोंड उघडलं नव्हतं तर!

ऋचा बिचारी गुडघ्यावर बसून परतलेल्या एकेकीचा कासोटा खोचतेय आणि त्या निर्धास्त पाणी पिताहेत. बाहेर लोक खोळंबलेत. खोळंबू देत. आधी आम्हा साऱ्या पोटऱ्यांना पाणी मिळू दे, मग बघा फुगडी!