घट्ट कफ

मी शिवणकाम करते आणि माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो. मापाला जुना ड्रेस आणणाऱ्या बायकांना मी दारातूनच परत पाठवते. माप अंगावर द्यायचं, नाहीतर दुसरीकडे जायचं. आणि पोटच्या मुलीचे कपडे मात्र वर्षभर तिच्या जुन्या ड्रेसवरून बेतत होते. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

तिला आम्ही भिंगरी म्हणतो. लहानपणी घटकाभर एका जागी टेकायची नाही. विसाव्या वर्षी एकदम शांत झाली. प्रार्थनेचं पुस्तक घेऊन तास तास बसू लागली. म्हणाली, "आई, मला पूर्ण बाह्या शीव. कफ घट्ट ठेव." मला वाटलं, देव पावला. शेजारणीला ऐकवलंसुद्धा, "बघ जरा माझ्या लेकीकडे." कफांना हौसेनं दोन-दोन बटणं लावली.

मागच्या आठवड्यात तिचे कपडे भिजवायला घेतले, तर बाहीला आतून रक्ताचे डाग. एकाला नाही, तीन ड्रेसना. सुई टोचल्याचा डाग मला कळतो. हा तसला नव्हता.

तशीच ओल्या हातांनी तिच्या खोलीत गेले आणि बाही वर केली. बघितलं. मग तोंडाला येईल ते बोलले.

"हे या पुस्तकात लिहिलंय?"

"नाही."

"मग?"

"प्रार्थनेत मन लागत नाही, आई. वाटतं, मीच वाईट आहे. मला शिक्षा हवी."

मी पुस्तक हिसकावलं आणि कापडाच्या कपाटात अगदी वर फेकलं. तेव्हा ती रडली, तोवर रडली नव्हती. "ते नेऊ नकोस. ते वाचत असते तेवढा वेळच माझा हात थांबतो."

आता यातलं काय धरायचं? ज्यानं दुखतं, त्यानंच थांबतं? माझं डोकं चालेना. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. पुस्तक मी खाली काढलं, परत वर ठेवलं, शेवटी तिच्या उशाशी नेऊन ठेवलं.

ती ज्यांच्याकडे प्रार्थनेला जायची, त्या आजोबांकडे मी भांडायलाच गेले होते. ऐकून ते खालीच बसले. "मी सगळ्यांसमोर तिचं कौतुक करत होतो हो," म्हणाले. "देव असली शिक्षा मागत नाही, हे मी तिला येऊन सांगतो. पण तेवढ्यानं भागणार नाही. तिला डॉक्टरकडे न्या."

दोन दिवस भिंगरी नाही म्हणाली. त्या दोन दिवसांत मी मशीनला हात लावला नाही, तिच्या दाराशी बसून राहिले. मला भीती वाटत होती, साधी सरळ भीती. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "येते. पण हात तू दाखवायचा. आणि पुस्तक बरोबर घेणार."

डॉक्टरबाई हळू आवाजात म्हणाल्या, "हात बघू का?" भिंगरीनं पुस्तक मांडीवर ठेवलं, तोंड भिंतीकडे वळवलं आणि हात माझ्यापुढे केला. इतकी वर्षं मी बटणं लावतेय. माझ्याच हातचं बटण, माझ्याच बोटांना निघेना. काजं मीच लहान ठेवली होती, कफ घट्ट बसावा म्हणून. मी कफाशी झटत राहिले.

"सावकाश, आई," ती भिंतीकडे बघतच म्हणाली. "मी कुठे पळून नाही चाललेय."

मी पहिलं बटण काढलं.